सव्वादोनच्या बांगड्या

माझ्या लेकीचा हात सव्वादोनचा. कासारणीने तो आपल्या मांडीवर घेतला, अंगठ्याखाली जरासा दाबून पाहिला आणि म्हणाली, "बायचा हात लोण्याचा हाय. सव्वादोनची सरकन जाईल." आणि खरंच गेली. डाव्या हातात बारा, उजव्यात अकरा, हिरव्यागार. भरून झाल्यावर लेकीने हात वर करून हलवले आणि ओटीवर जमलेल्या बायका हसल्या. सातवा महिना होता. आमच्या पानमळ्यांच्या माहीम गावात, घरी डोहाळजेवण होतं. मी दोन दिवस आधीपासून स्वतःला कामाला जुंपून घेतलं होतं आणि कंबर मोडली तरी कोणाला हात लावू देत नव्हते. एकुलती एक लेक, तिचं पहिलं बाळंतपण, ते माहेरीच व्हायला हवं होतं आणि माझ्या मनासारखं व्हायला हवं होतं. या बांगड्या आमच्यात बाळंत होईपर्यंत उतरत नाहीत. फुटली एखादी तरी फुटली म्हणत नाहीत, लगेच दुसरी घालतात.

जावई तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका रसायनांच्या कारखान्यात कामाला. दोघांचं भाड्याचं घर बोईसरला. कारखान्यात आत फोन नेऊ देत नाहीत, गेटवरच्या केबिनमध्ये ठेवून जावं लागतं. म्हणजे शिफ्ट सुटेपर्यंत माणूस आहे की नाही ते देवालाच ठाऊक. त्या बाजूला कुठे मोठा आवाज झाला, धूर दिसला, की बोईसरच्या बायका गॅलरीत येऊन उभ्या राहतात. लेकीला लग्नानंतर ही सवय लागली होती. माहीमला आली तरी शिफ्ट सुटायची वेळ झाली की ती फोन हातात घेऊन बसायची आणि नवऱ्याचा आवाज ऐकल्याशिवाय जेवायची नाही.

मी तोंडाने फटकळ आहे, हे गावात कोणीही सांगेल. त्याचं मला कौतुकच होतं तेव्हा.

आठव्यात लेक भरायला लागली. गाल वर आले, बोटं जाड झाली, लग्नातली अंगठी निघेना म्हणून साबण लावून काढली आणि डब्यात ठेवली. पायात चपला चढेनात तेव्हा तिच्या वडिलांच्या घालून फिरायची, ते बघून आम्ही हसायचो. शेजारणी म्हणायच्या, "माहेरचं पाणी मानवलं गो तिला." मी वर तोंड करून म्हणायचे, "मानवणारच. बोईसरच्या त्या धुरात काय मिळत होतं?" बांगड्याही आता मनगटाला घट्ट बसल्या होत्या. खालीवर होत नव्हत्या. आमचा पानमळा आहे, विड्याच्या पानांचा. खुडलेली पानं मोजून जुड्या बांधायला ती माझ्याजवळ बसायची. आधी तिचे हात चालले की बांगड्या सारख्या वाजायच्या, इतक्या की तिचे बाबा रेडिओ मोठा करायचे. मग त्या वाजेनाशा झाल्या. एक दिवस मी ह्यांना म्हटलं, "बघा, आता कशी शांत बसून काम करते." हे माझे शब्द. आजही कधी कामात असताना आठवतात आणि हातातलं काम तिथेच राहतं.

गावात सरकारी उपकेंद्र आहे. तिथे तपासणीचा दिवस ठरलेला असतो. त्या दिवशी गेलो तेव्हा तिथली सिस्टर, लातूरकडची, वयाने माझ्या लेकीपेक्षाही लहान असावी, तिने दंडाला पट्टा बांधला, फुगवला, सोडला, परत फुगवला. मग लेकीच्या नडगीवर अंगठा दाबून धरला. अंगठा उचलला तरी तिथे खड्डा तसाच राहिला. भरून यायला वेळ लागला. मी तो बघितला. बघितला नाही, असं मला म्हणता येणार नाही.

"मावशी, सूज आहे हिला. बांगड्या रुतल्यात बघा. बीपी वाढलंय."

"सूज कसली? अंगाने भरलीय ती."

"उद्याच्या उद्या तालुक्याच्या दवाखान्यात न्या. लघवी तपासावी लागेल, डॉक्टरांना दाखवावं लागेल. गाडी मी बोलावते, पैसे पडत नाहीत. आणि या बांगड्या आजच काढून ठेवा."

"बाळंत होईपर्यंत काढत नाय आमी."

"मग एक दिवस फोडाव्या लागतील, मावशी."

तिने ते साध्या आवाजात म्हटलं होतं. घाबरवायलाही नाही आणि चिडवायलाही नाही. पण माझ्या लेकीच्या समोर, जिचा नवरा रसायनांच्या टाक्यांमध्ये उभा राहून काम करतो तिच्या समोर, बांगड्या फोडायची भाषा! माझं डोकंच फिरलं. "तुझं लग्न झालंय का गो? नाय ना? मंग होऊ दे, मंग ये शिकवायला," असं मी बोलून गेले. तिने मान खाली घातली, कार्डावर आकडा लिहिला, त्याच्याभोवती लाल पेनाने गोल काढला आणि दवाखान्याची चिठ्ठी लिहून कार्डात ठेवली. आम्ही निघालो तेव्हा ती दारापर्यंत आली. "ताई, डोकं दुखलं, डोळ्यांपुढे काही चमकलं, तर थांबू नका हं," ती लेकीला म्हणाली. माझ्याकडे तिने बघितलं नाही. वाटेत मी पूर्ण रस्ता तिच्या नावाने बोटं मोडत आले.

दुसऱ्या दिवशी खुडणी होती. पानं खुडायला माणसं ठरवलेली असतात. दिवस चुकवला की पान जून होतं आणि माणसं दुसऱ्याच्या मळ्यात जातात. लेक सकाळी आंघोळ करून, कार्ड घेऊन तयार बसली होती. मी म्हटलं, "बाय, आज खुडणी हाय. उद्या जाऊ." ती म्हणाली, "तू म्हणशील तसं." त्याच्या दुसऱ्या दिवशी तिची सासू भेटायला यायची होती. मग रविवार. रविवारी दवाखान्यात कोण बसलंय, असं मीच ठरवून टाकलं. खरं सांगायचं तर खुडणी, सासू, रविवार ही सगळी निमित्तं. त्या पोरीचं ऐकायचं नव्हतं, एवढंच. सरकार दारात गाडी पाठवत होतं आणि मी ती माझ्या तोऱ्यापायी परतवून लावत होते.

रविवारी संध्याकाळी लेक म्हणाली डोकं जड झालंय. मी सुंठ उगाळून लेप लावला. सोमवारी सकाळी म्हणाली, "आई, देवापुढे दोन समया लावल्यास?" समई एकच होती. मला तरी कळायला नको? मी म्हटलं, "झोप नीट झाली नसेल." मी तिच्यासाठी चहा गाळत होते. पाठीमागे कप पडला. वळून बघते तर तिचे डोळे वर गेलेले, दात घट्ट मिटलेले आणि अंग लाकडासारखं ताठ. मग ते अंग हलायला लागलं. मी आयुष्यात इतकी कधी ओरडले नाही. आमचे हे मळ्यातून धावत आले ते तसेच उपकेंद्राकडे धावले.

ती लातूरची पोर अनवाणी आली. तिने लेकीला कुशीवर वळवलं, तोंड पुसलं आणि फोन करून अॅम्ब्युलन्स बोलावली. गाडीत ती लेकीच्या डोक्याशी बसली, मी पायाशी. पूर्ण रस्ता मी वाट बघत होते, ती आता म्हणेल, मी सांगितलं होतं. ती काहीच म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं.

तालुक्याच्या दवाखान्यात प्रसूतीच्या खोलीत एक मोठ्या सिस्टर होत्या, पिकल्या केसांच्या, जाड भिंगाच्या. त्यांनी आत घेतल्या घेतल्या दोन माणसांना हाका मारल्या, लेकीला मागे दोन्ही बाजूंना इंजेक्शनं दिली आणि सलाईन लावायला हात धरला. हात कुठला, उकडलेल्या कणगराच्या कंदासारखा झाला होता. मनगटावर बांगड्या दिसतच नव्हत्या, मासात एक खाच दिसत होती आणि खाचेत हिरवी रेघ. त्यांनी बांगडीखाली गॉजची पट्टी सरकवायचा प्रयत्न केला. पट्टी जाईना. त्यांनी कात्री उलटी धरली, दांड्याकडून.

मी त्यांचा हात धरला. धरला म्हणजे अक्षरशः मनगट पकडलं. "फोडू नका हो. नवरा हाय तिचा."

त्यांनी माझ्याकडे भिंगातून बघितलं. "तो आहे हो, मावशी. ही जातेय."

मी हात सोडला. तेवीस बांगड्या फुटायला किती वेळ लागतो ते मला माहीत आहे. मी भिंतीकडे तोंड करून उभी होते आणि एकेक ऐकत होते. पलीकडच्या खाटेवर बोईसरच्या कामगार वस्तीतली एक बाई होती, ती स्वतःच्या कळा सोसत मला म्हणाली, "रोओ मत अम्मा, काँच ही तो है." तिला काय सांगणार? फुटलेल्या बांगड्या गोळा करून पदरात बांधायला मी खाली वाकले तेव्हा ती लातूरची पोर आधीच गुडघ्यावर बसून तुकडे वेचत होती.

बाळ आठव्यातलं. ते जगवायला लागणारी सोय तिथे नव्हती, म्हणून पुढच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात न्यायचं ठरलं. हायवेने दोन तास. जावयाला गेटवरून निरोप गेला, ते कामाच्या कपड्यांतच परस्पर तिकडे आले. पोट फाडून मूल काढलं. मुलगी. काचेच्या पेटीत ठेवली. तिचा पाय माझ्या करंगळीएवढा होता. हातावर आईच्या नावाची कागदी पट्टी बांधली होती आणि तीसुद्धा तिला सैल होती, कोपरापर्यंत सरकत होती. मी पेटीपाशी उभी राहून देवाला सांगत होते, माझ्या चुकीचं माप हिच्या पदरात टाकू नकोस.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी लेकीचं कार्ड मागितलं. लाल गोल बघितला, त्यावरची तारीख बघितली, आत जशीच्या तशी राहिलेली चिठ्ठी उघडून बघितली. "चार दिवस?" त्या एवढंच म्हणाल्या. मी म्हटलं, काय खाण्यात आलं असेल का, मी मीठ जास्त घालते का? त्या म्हणाल्या, "खाण्यापिण्याने नाही होत हे. कोणालाही होतं. वेळेवर आलं तर आम्हाला काही करता येतं."

दीड दिवसाने मुलगी गेली. लेक तेव्हा शुद्धीवर नव्हती. शुद्धीवर येईल की नाही, तेही कोणी सांगत नव्हतं. जावई आणि आमचे हे त्या लहानशा गाठोड्याला घेऊन गेले आणि मी लेकीच्या उशाशी बसून राहिले.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिने डोळे उघडले. नजर धूसर होती, मला ओळखायला वेळ लागला. मग तिने हात वर केले, तोंडावरून फिरवायला असेल. हात डोळ्यांसमोर आले आणि ती थांबली. सूज उतरायला लागली होती. दोन्ही मनगटं रिकामी, आणि काचेचे बारीक लाल ओरखडे. ती बघत राहिली. मी खुळी, मला वाटलं ओरखडे दुखतायत.

"आई," ती म्हणाली. "यांना काय झालं?"

मला आधी कळलंच नाही.

"कंपनीत काय झालं? आई, खरं सांग. यांना काय झालं?"

तिच्या बांगड्या कोणी आणि का काढल्या, हे तिला कुठे माहीत होतं? तिने डोळे उघडले आणि हात रिकामे दिसले. रिकाम्या हातांचा आमच्याकडे एकच अर्थ. मी "नाय गो, नाय" म्हणत तशीच बाहेर धावले. जावई व्हरांड्यात भिंतीला टेकून बसले होते, मुलीला पुरून आलेले, नखांत माती. मी त्यांना दंडाला धरून आत ओढत आणलं. "हे बघ. हे बघ, हाय तो."

लेकीने त्यांना बघितलं आणि ती हसली. तिच्या लग्नातसुद्धा मी तिला असं हसताना बघितलं नाही. रिकामे हात पुढे करून तिने त्यांचा हात धरला, गालाला लावला, हसत राहिली. जावईही हसायला गेले आणि त्यांना ते जमलं नाही.

"मग रडताय का?" ती म्हणाली.

मी बोलायला हवं होतं, एरवी माझं तोंड कधी बंद नसतं. तिने आमच्या दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघितलं आणि मग तिचा एक हात हळूहळू पोटावर गेला. ते मी बघितलं आणि त्यानंतर मी गावात कोणाला तोंड वर करून काही सुनावलेलं नाही.

याला तीन वर्षं झाली. त्या लातूरच्या सिस्टरची मी अजून माफी मागितलेली नाही. धीर होत नाही. पण या खेपेला लेकीला दिवस गेले तेव्हापासून तपासणीच्या दिवशी उपकेंद्राचं कुलूप उघडायच्या आधी आम्ही दोघी पायरीवर असतो. ती येते, किल्ली काढते, "आलात मावशी?" म्हणते. मी मान हलवते.

सातव्यात मी म्हटलं, डोहाळजेवण नको आणि बांगड्या तर नकोतच. लेक ऐकेना. शेवटी कासारणीला तिनेच बोलावलं आणि सांगितलं, "सव्वादोनच्या नाय, अडीचच्या भर." कासारीण म्हणाली, "गळून पडतील गो." लेक म्हणाली, "पडू देत. घट्ट झाल्या तर कळेल तरी." तेव्हापासून रोज सकाळी चहा झाला की ती माझ्यापुढे हात करते आणि मी बांगड्यांखालून करंगळी फिरवून बघते. ती चेष्टा करते, "आई, तू आता नोकरीला लाग सरकारात." मी हसते. पण करंगळी आरपार जाईपर्यंत माझा श्वास वरच असतो.

काल सकाळी करंगळी अडली. जोर केला असता तर गेली असती. मी जोर केला नाही.

"चप्पल घाल," मी म्हटलं.

"आई, आज खुडणी हाय ना? माणसं आलीत."

"पानं वेलीवर जून होऊ देत. चप्पल घाल."

उपकेंद्रातल्या सिस्टरने पट्टा बांधला, दोनदा फुगवला, आणि या वेळी तिने चिठ्ठी लिहायच्या आधी मीच म्हटलं, "गाडी बोलाव, बाय." तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी लगेच दाखल करून घेतलं. बीपी आहे, फार नाही, पण आहे. आठवा संपायला अजून दहा दिवस. गोळ्या सुरू केल्यात. जाड भिंगाच्या त्या सिस्टर निवृत्त झाल्या म्हणे, त्यांच्या जागी दुसऱ्या आहेत. त्या म्हणाल्या, बांगड्या आत्ताच काढून ठेवलेल्या बऱ्या.

मी वाटीत साबणाचं पाणी केलं. लेकीने हात मागे घेतला. "थांब. आधी यांना फोन लाव."

मी कारखान्याच्या गेटवर निरोप दिला. पंधरा-वीस मिनिटांनी त्यांचा फोन आला, व्हिडिओचा. पिवळं हेल्मेट, मागे ट्रकचा आवाज, घाबरलेलं तोंड. लेक म्हणाली, "काय नाय हो. फक्त दिसत राहा तिथे." एका हाताने तिने फोन डोळ्यांसमोर धरला आणि दुसरा माझ्यापुढे केला. मी एकेक बांगडी फेस लावून उतरवली, एकही न फोडता. मग तिने फोन या हातातून त्या हातात घेतला आणि ते तिकडे गेटवर, उन्हात, न हलता उभे राहिले. शेवटची निघाली तेव्हा लेकीने दोन्ही मनगटं त्यांना दाखवली आणि म्हणाली, "बघा हं, आईने काढल्यात."

तेवीसच्या तेवीस माझ्या रुमालात आहेत. हे मी वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून लिहिते आहे. दर थोड्या वेळाने सिस्टर मशीन घेऊन आत जातात आणि मी लिहिणं थांबवून दारात जाऊन उभी राहते. आत्ताही पट्टा फुगवल्याचा आवाज येतो आहे. लेक फोन छातीशी धरून झोपली आहे आणि मी सिस्टरच्या तोंडाकडे बघते आहे.